टोपलीची इमारत आणि आईची काळजी

कोलंबस, ओहायो
ऑक्टोबर 2021

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, टोपलीच्या इमारतीचा फोटो मी कौतुकाने पाठवला होता. तू त्यात नेमकं ओस पडलेलं पार्किंग पाहिलंस आणि बाबांकरवी विचारलंस, ‘तिकडे कंपन्या बंद पडतायत का?’ अगं, ती कंपनी वेगळी, धंदा वेगळा. माझी नोकरी शाबूत आहे. आणि हो, जेवतोही वेळेवर.

ती इमारत इथून तासाभरावर, नूअर्क गावात आहे. लाँगाबर्गर कंपनी मेपलच्या पट्ट्यांच्या टोपल्या हाताने विणवून घ्यायची. मालक डेव्ह लाँगाबर्गर यांनी हट्टाने मुख्य कचेरीच टोपलीच्या आकाराची बांधली, 1997 मध्ये. सात मजले आणि वर दोन भल्यामोठ्या कड्या, मिळून दीडशे टनांच्या आसपास! बाबा, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्या कड्या हिवाळ्यात तापवायची सोय आहे, नाहीतर साचलेला बर्फ खालच्या काचेच्या छपरावर कोसळायचा. मालक 1999 मध्ये गेले, पुढे विक्री घसरत गेली. 2016 मध्ये कचेरी रिकामी झाली, 2018 मध्ये कंपनीच मिटली. बांधायला तीन कोटी डॉलरच्या आसपास लागलेली इमारत 2017 च्या शेवटी 12 लाखांत गेली. नव्या मालकाला तिथे हॉटेल काढायचं होतं, ते झालं नाही. यंदा पुन्हा विकायला काढलीय, 65 लाखांना. पाडत कोणी नाही, घेतही कोणी नाही. टोपलीत दुसरं काय थाटणार, हा प्रश्नच आहे.

त्या टोपल्या मात्र मला इथल्या गराज सेलमध्ये भेटतात. हा प्रकार तुम्हाला नीट सांगायला हवा. शनिवारी सकाळी चांगली खाती-पिती माणसं घरातलं जुनं सामान गराजच्या, म्हणजे गाडी ठेवायच्या खोलीच्या, दारापुढे टेबलं टाकून मांडतात. आजीच्या कपबश्या, पोरांचे बूट, अर्धवट जळलेल्या मेणबत्त्यासुद्धा. प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी. मालकीणबाई खुर्ची टाकून कॉफी पीत बसते. अनोळखी लोक येतात, उलटंपालटं करून बघतात, घासाघीस करतात आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही! मोलकरणीला देऊन टाकावं, भाचरांना द्यावं, तसलं काही नाही. एकेकाळी बायका हौसेने जमवायच्या त्या टोपल्याही तिथेच, थोड्या डॉलरात. मी एक घेतली. कांदे-बटाटे ठेवतो.

आता महत्त्वाचं. ताईच्या लग्नाला यायचं मी अजून सोडलेलं नाही, पण खरं सांगतो, आलो तर परत यायला वकिलातीत पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग लागेल आणि तिथली तारीखच मिळत नाहीये. तिकडे अडकलो तर नोकरी जाईल. ‘येतच नाही’ असं ताईला सांगू नका, मीच बोलेन. कानपिळीला मामाच्या पोराला तयार ठेवा, पण जोरात पिळायला सांगा. हॉलचे दोन लाख या आठवड्यात पाठवतोय, केटररचे पुढच्या पगाराला. माझ्या स्थळाचा विषय ताईचं झाल्यावर काढा, फोटो आत्ता कुणाला देऊ नका.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबा, पैसे आले की आधी आईच्या पाटल्या सोडवा. हॉलवाला थांबेल. गहाण ठेवल्याचं मला ताईकडून कळलं, तिला रागावू नका.