यंदाचा मे महिना घरीच काढा

ती. आई-बाबा,
सा. न.

काल रात्री दादाशी बोलले आणि आम्ही दोघांनी ठरवलं. यंदा मे महिन्यात तुम्हाला डोंबिवलीला आणायचं नाही. फोनवर सांगितलं असतं तर बाबा नुसतं "बरं" म्हणाले असते आणि आई गप्प झाली असती. म्हणून लिहितेय. आपण लेकीला जड झालो असं क्षणभरही मनात आणू नका. तुमची खोली आहे तशीच आहे, गादीचा कापूसही पिंजून घेतलाय. गणपतीनंतर हवे तितके दिवस या.

पण गेल्या वर्षी मी रोज बघत होते. आई, चार वाजले की तू गॅलरीत जायचीस आणि कुंडीतल्या त्या एकुलत्या मोगऱ्याची पानं पुसत बसायचीस. बाबा खालच्या बाकावर जाऊन लगेच वर यायचे. ओळखीचं कुणी नाही, तर बसणार कुणापाशी? इथे पंखा चोवीस तास चालतो, आता एसीसुद्धा आहे, तरी तुमचा चेहरा उतरलेलाच. आणि घरी सोनचाफा फुलून गळून गेला, ते शेजारच्या काकींनी फोनवर सांगितलं तेव्हा आई जेवली नव्हती. मला ते परत व्हायला नको आहे.

तर यंदा मोगरा तुम्ही बघायचा. फक्त शिंपण बाबांनी करायचं नाही. विहिरीपाशी चक्कर आली होती, ती गोष्ट मला काकींकडून कळली, तुमच्याकडून नाही. त्यावर आता काही बोलत नाही. ठिबकचे पैसे मी भरलेत, सोमवारी माणूस येऊन नळ्या टाकून जाईल. तासाला चार लिटरचे ड्रिपर आहेत. सकाळी तासभर कॉक उघडायचा, बस्स. चाफ्याला ड्रिपर बुंध्याला टेकवून लावू देऊ नका, हातभर लांब असू दे. विहिरीच्या पाण्याने गाळणी तुंबते, ती आठवड्याला धुवायची. ते काम सुताराच्या मुलाला सांगितलंय. त्याला पैसे मी पाठवते, तुम्ही नुसता चहा द्या.

बाबा, तुम्ही म्हणाल, हाताने पाणी घातल्याशिवाय झाड ओळख देत नाही. आजोबाही तेच म्हणायचे. पण तुमच्यासाठी दुसरं काम आहेच. मोगऱ्याचा एक बहर संपला की शेंडे दोन पानांखाली खुडायचे, नव्या फुटीलाच कळ्या धरतात. तुमच्याइतकं नेमकं ते कुणाला जमत नाही. ते सावलीत, सकाळी, बसून करा.

आणि संध्याकाळ मोकळी ठेवा, मला खरं तर एवढंच मागायचं आहे. पाचनंतर खळ्यात खुर्च्या मांडा. गुरुजींना बोलवा, पोस्टातल्या काकांना बोलवा. अण्णा गेल्यापासून मेंढीकोटाचा डाव मोडला हे मला ठाऊक आहे. त्यांची खुर्ची मांडू नका असं मी म्हणणार नाही, पण डाव मांडा. चौथी आई बसेल. तिला सगळं येतं, पानं मोजायला आजोबांनीच तर शिकवलं.

आई, तू आधी कळ्या काढून घे. उन्हं कलली की काढलेली ती कळी अजून घट्ट असते, देठाशी किंचित हिरवी, टोकाला मिटलेली. ओल्या फडक्यात ठेवलेल्या त्या कळ्या तू केळीच्या सोपटात दोन इकडे, दोन तिकडे अशा बसवायचीस आणि तुझी बोटं बघत मी तिथेच झोपून जायचे. दिवेलागणीला जाग यायची ती वासाने. माझ्या वेणीत गजरा कधी बांधलास ते कळायचंही नाही. आई, माझे केस आता आखूड आहेत, पण आले की बांध हं.

सुरंगीची फुलं तर यंदा आटोपली असतील. पायरीपाशी मे-फूल आलं का? ते पाणी न घालताही नुसत्या मातीतून लाल गोळा घेऊन वर येतं, म्हणून सुताराच्या मुलाला आधी दाखवून ठेवा. कुदळ घालेल चुकून. अनंताला कळ्या दिसल्या की मला फोटो पाठवा. कुडाळहून आणलेल्या कलमी चाफ्याची फुलं काकींच्या मैत्रिणींना वाटा, देवासाठी राखून ठेवत बसू नका. त्या येतील, बसतील, फणसाच्या आठळ्या सोलता सोलता गप्पा होतील. आई, तुझी झोप त्या गप्पांनीच लागते, गोळीने नाही.

आता जे सांगते ते दोघांनीही ऐकायचं. बारा ते चार बाहेर पडायचं नाही. तहान लागायची वाट बघू नका. वय झालं की तहान उशिरा कळते. कोकमाच्या आगळात मीठ असतं, म्हणून बाबांना ते बेतानेच. अमृत कोकम म्हणजे साखरच, ते आईला अजिबात नाही, पाहुण्यांबरोबर घोटभरसुद्धा नाही. बाबांच्या बीपीच्या गोळीने लघवी जास्त होते, उन्हाळ्यात तिचा डोस तोच ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतः बंद करू नका. उठताना आधी क्षणभर खाटेच्या कडेला बसा, मग उभे राहा. कळ्या काढताना पायात चप्पल आणि काळोख पडला की हातात बॅटरी हवीच. मोगऱ्याखालच्या पाचोळ्यात फुरसं असतं, हे मी तुम्हाला सांगायला हवं का!

मी मेच्या शेवटी येतेय, पाऊस लागायच्या आत. तिकीट झालंय. रागावला असाल तर आल्यावर बोला, पण तोवर शिंपणाला हात लावू नका.

शनिवारी सकाळी फोन करते. बीपीचा कागद जवळ ठेवा, आकडे लिहून घेईन.

तुमची,
बाय