केसूडा भिजत घातलाय

बडोदे
फाल्गुन पौर्णिमा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

बंगळूरहून तू पाठवलेले गुलाबी झाडांचे फोटो आजीला दाखवले. चष्मा पुसून तिने दोनदा पाहिले आणि विचारलं, "वास येतो का गं बाई त्याला?" मी म्हटलं, ते टॅबेबुया आहे, मूळचं मध्य अमेरिकेतलं. वासाचं मुक्तालाच विचार. त्यावर म्हणाली, "बरं, मग आपल्याकडे काय फुललंय?" मला सांगता येईना. सत्तावीस वर्षं त्याच रस्त्याने स्कूटरवरून ऑफिसला जातोय, पण वर बघायची सवयच नाही.

म्हणून रविवारी सकाळी सगळी वरात कमाटीबागेत. आजीची चाकांची खुर्ची फाटकाच्या आडव्या दांड्यांत अडकली. ओंकारने आणि मी आजीसकट उचलून पलीकडे ठेवली. तिने दोन्ही हात जोडून लोकांना नमस्कार केला, पालखीतून निघाल्यासारखा.

सावर फुललीय बघ. अंगावर एक पान नाही, नुसती तळहाताएवढी लालभडक मांसल फुलं. त्यांतल्या मधासाठी साळुंक्या-बुलबुलांची भांडणं चालली होती. फूल पडतं ते धप्पदिशी, पाकळी पाकळी होऊन नाही. एक आजीच्या मांडीवरच पडलं, ते तिने घरी येईपर्यंत सोडलं नाही. पिंपळाला नवी पालवी आलीय. तुझ्या बारशाला तुझे तळवे होते ना, तसा रंग. तुला आठवायचं कारण नाही, मला आठवतो.

ही बाग १८७९ सालची. सयाजीराव महाराज तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे, कारभाराचे अधिकार त्यांना १८८१मध्ये मिळाले. मी हे सांगितलं मात्र, आईने लगेच ओंकारकडे बघितलं. तोही सोळाचाच, आणि त्याच्या बाल्कनीतली तुळस वाळली आहे.

पुलावर थांबलो तर विश्वामित्रीच्या काठावर एक मगर ऊन खात पडलेली. हे दिवस त्यांचे अंडी घालायचे. काठाच्या मातीत खड्डा करतात आणि पावसाच्या तोंडाशी पिल्लं बाहेर येतात. आजी म्हणाली, "म्हणजे तिलाही चैत्राची घाई." पुलावर गाड्यांचे हॉर्न चालूच होते, मगरीने डोळा उघडला नाही. (व्हेल माशाचा सांगाडा बघायला म्युझियममध्ये जाऊ या असं ओंकार म्हणत होता. तू चौथीत असताना त्याला बघून रडली होतीस, ते त्याला अजून पुरतंय.)

परतताना मांडवीपाशी एक बाई फुटपाथवर पाटी घेऊन बसली होती, छोटा उदेपूरकडची. केशरी फुलांचा ढीग. आई ओरडली, "केसूडा!" आजी म्हणाली, "पळस." आजी वर्ध्याकडची, तिच्या माहेरी फाल्गुनात माळच्या माळ पेटलेले असायचे. आई जन्माची बडोद्याची, तिला केसूड्याशिवाय दुसरं नाव ठाऊक नाही. रिक्षा येईपर्यंत दोघींचं चाललं होतं. शेवटी आजीने हात झटकला, "काहीही म्हणा गं, पळसाला पानं तीनच." आईला हसू आवरेना. मी दोन ओंजळी घेतल्या, आई म्हणाली चार घ्या.

आता संध्याकाळ आहे. खाली होळी रचून झाली, धाणी-खजूर आणि साखरेच्या गाठी पाटावर आहेत. आणि बाथरूममध्ये बादलीभर कढत पाण्यात केसूडा भिजत घातलाय. आजीने चिमूटभर चुना टाकायला लावला. पिवळं पाणी डोळ्यांदेखत नारिंगी झालं, ओंकारने तीनदा व्हिडिओ काढला. उद्या धुळवडीला सकाळी सगळ्यांनी त्याच पाण्याने अंघोळ करायची, मग उन्हाळा बाधत नाही असं आजी म्हणते. आई म्हणते तेच, फक्त गुजरातीतून.

उरलेली फुलं वाळवून तुला कुरियर करतो. दोन मुठी रात्री गरम पाण्यात टाक, सकाळी गाळून घे. चुना तिथे पानाच्या टपरीवर मिळेल, अगदी नखभर घाल. आणि पांढरा टॉवेल वापरू नकोस. मी आज नुसते हात पुसले, आई अजून बोलते आहे.

तुझा,
बाबा