‘शांत कौटुंबिक हॉटेल’ सांगून बालीबागोच्या बार-वस्तीत उतरवल्याबद्दल तक्रार

सातारा,
दि. १६ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग (परदेश सहली),
पुणे कार्यालय.

विषय : फिलिपिन्स कौटुंबिक सहलीतील क्लार्क येथील मुक्कामाबाबत दिलेली चुकीची माहिती, शाकाहारी जेवणाची न झालेली सोय आणि त्यामुळे झालेल्या खर्चाची भरपाई मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीच्या जानेवारी महिन्यातील नऊ दिवसांच्या फिलिपिन्स सहलीत मी, माझे पती, ७९ वर्षांच्या सासूबाई, मुलगी आणि ११ वर्षांची नात असे आम्ही पाच जण होतो. प्रत्येकी १ लाख ४२ हजार रुपये आम्ही दोन हप्त्यांत मुदतीपूर्वी भरले. परत आल्यावर २९ जानेवारीला मी ई-मेलने केलेल्या तक्रारीवर ‘हॉटेल तीन तारांकित व स्वच्छ असून विमानतळापासून जवळ आहे, तरीही झालेल्या गैरसोयीबद्दल पुढील सहलीवर ३,००० रुपयांची सवलत देत आहोत’ असे चार ओळींचे उत्तर आपल्याकडून आले. हॉटेल अस्वच्छ असल्याची तक्रार मी केलीच नव्हती. जे लिहिले होते ते वाचले गेले नसावे, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे.

मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. १५ जून १९९१ रोजी झालेला पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक मी फळ्यावर किती वेळा काढला असेल याची गणती नाही. त्या राखेने झाकलेला अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकनांनी सोडलेली ती जागा आणि पुढे अनेक वर्षे पावसाळ्यात डोंगरावरून उतरत राहिलेला लाहार, म्हणजे राख आणि पाण्याचा चिखललोट, हे सारे प्रत्यक्ष पाहावे, एवढ्यासाठी मी इतर कंपन्यांच्या सहली सोडून आपली निवडली, कारण क्लार्कचा तीन रात्रींचा मुक्काम फक्त आपल्या कार्यक्रमात होता. भारतीय पर्यटकांना गेल्या जूनपासून १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, त्यामुळे वयस्कर माणसे आणि मुले घेऊनही तिथे जाणे सोपे झाले आहे, हे आपल्याच पत्रकात होते. त्याच पत्रकात मुक्कामाबद्दल ‘क्लार्क येथील शांत, कौटुंबिक हॉटेल, सर्व करांसह, शुद्ध शाकाहारी जेवणाची सोय’ असे छापले आहे. पत्रकाची प्रत या पत्राला जोडली आहे.

हे हॉटेल क्लार्कमध्ये नाही. ते क्लार्कच्या फाटकाबाहेर, एंजेलिस शहराच्या बालीबागो भागात, फील्ड्स ॲव्हेन्यूला लागून असलेल्या गल्लीत आहे. हा फरक काही फर्लांगांचा आहे म्हणून आपण तो क्षुल्लक मानत असाल, तर भूगोलाची शिक्षिका म्हणून मला तो समजावून सांगणे भाग आहे. फाटकाच्या आत जुना तळ आहे, जो आता मुक्त व्यापार क्षेत्र झाला आहे. रुंद रस्ते, मोठमोठी झाडे, कवायतीचे जुने मैदान, संग्रहालय आणि रात्री नऊनंतर शुकशुकाट. फाटकाबाहेर बालीबागो आहे, जिथे तळावरच्या सैनिकांच्या पगारावर दशकानुदशके बार उभे राहिले. सैनिक गेले, गिऱ्हाईक बदलले, पण बार राहिले आणि वाढले. त्या रस्त्याचा मुख्य भाग आज ‘वॉकिंग स्ट्रीट’ म्हणून ओळखला जातो. रात्री तिथे वाहने बंद होतात, दुतर्फा दिव्यांच्या पाट्या पेटतात आणि प्रत्येक दारात एकसारख्या तोकड्या पोशाखातल्या मुली आत येण्यासाठी हाका मारत उभ्या असतात. हे काही गुपित नाही. ज्याला फिलिपिन्सची थोडीफार माहिती आहे त्याला फील्ड्स ॲव्हेन्यू म्हणजे काय ते ठाऊक आहे, आणि आपण तर तिथे सहली नेता.

आमची बस रात्री साडेनऊला पोहोचली. गल्लीत वळता येत नसल्याने आम्हाला कोपऱ्यावर उतरवून बॅगा ओढत चालायला सांगण्यात आले. सासूबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून, नात आईचा हात धरून, अशा आम्ही त्या दारांसमोरून गेलो. एका दारातल्या मुलीने सासूबाईंना पाहताच हाका थांबवल्या, बाजूला सरकून वाट करून दिली आणि मान लववली. तिच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, हे मी मुद्दाम लिहीत आहे. पोटासाठी तिथे उभ्या राहिलेल्या लेकींना नावे ठेवण्यासाठी हे पत्र नाही.

हॉटेलात नोंदणीचे कार्ड भरताना त्यावर एक कलम होते : खोलीत रात्री ‘जॉइनर’ (रात्रीपुरती सोबतीला आणलेली व्यक्ती) आणल्यास प्रत्येकी अमुक इतके पेसो जादा आकार, व त्या व्यक्तीने ओळखपत्र स्वागतकक्षात ठेवावे. नातीचे इंग्रजी चांगले आहे. तिने ते मोठ्याने वाचले आणि विचारले, ‘आजी, जॉइनर म्हणजे कोण?’ तिची आई गप्प झाली. मी ‘पाहुणे’ असे म्हणून कार्ड उलटे केले. आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना खरी उत्तरे देण्याचा माझा शिरस्ता आहे. तो त्या रात्री आपल्यामुळे मोडला.

आमच्या खोल्या दुसऱ्या मजल्यावर, गल्लीच्या बाजूला होत्या. सासूबाई उशाशी तांब्याचा तांब्या भरून ठेवतात. समोरच्या बारमधल्या ठेक्याने त्या तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळे उठत होती. पहाटे साडेतीनपर्यंत ती मी पाहिली, कारण झोप कोणालाच लागली नाही. अडीचच्या सुमारास एका दारू प्यालेल्या परदेशी गृहस्थाने आपली खोली समजून मुलीच्या खोलीचे दार बराच वेळ वाजवले. ती आणि नात आतून खुर्ची लावून बसल्या होत्या. माझ्या पतींनी बाहेर येऊन त्या गृहस्थांना त्यांच्या खोलीपाशी नेऊन सोडले. आपल्या सहल व्यवस्थापकांचा फोन त्या वेळी बंद होता.

जेवणाचा प्रकार याहून गंभीर आहे. सासूबाई ३४ वर्षे माळकरी आहेत. आरक्षणाच्या अर्जात ‘कांदा-लसूण चालेल, मांस, मासे व अंडे पूर्ण वर्ज्य’ असे मी माझ्या हाताने लिहिले होते आणि आपल्या प्रतिनिधींनी त्याखाली लाल शाईने रेघ ओढली होती. त्या रात्री हॉटेलच्या उपाहारगृहात ‘शाकाहारी’ म्हणून पिनाकबेत नावाची भाजी वाढली. लाल भोपळा, भेंडी, वांगी, कारली, चवळीच्या शेंगा. दिसायला आपल्या घरचीच. सासूबाईंनी पहिला घास तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. त्यांचे माहेर गुहागरचे. माळ घालण्यापूर्वी त्या घरात जे शिजत असे त्याचा वास त्यांना विसरणे शक्य नाही. ‘यात जवळा आहे गं,’ एवढेच त्या म्हणाल्या. वाढणाऱ्या मुलीला विचारल्यावर तिने प्रांजळपणे सांगितले की पिनाकबेतमध्ये बागुओंग, म्हणजे बारीक कोळंबी मीठ घालून आंबवून केलेली चटणी घालावीच लागते, त्याशिवाय ती भाजी होत नाही. तिच्या लेखी भाजी ती भाजीच होती. चूक तिची नव्हती.

मी स्वयंपाकघरात गेले. तिथल्या मुख्य आचाऱ्यांनी आपल्या कंपनीकडून आलेला कागद मला दाखवला आणि त्याचा फोटो काढू दिला. त्यावर एवढेच आहे : ‘२८ जण, भारतीय जेवण, कमी तिखट.’ शाकाहारी हा शब्द त्या कागदावर कुठेही नाही. ज्या पांपांगा प्रांताची ख्याती फिलिपिन्सभर स्वयंपाकासाठी आहे, आणि ज्या एंजेलिसमध्ये डुकराच्या मांसाची सिसिग ही तापलेल्या तव्यावरची थाळी नावारूपाला आली, तिथल्या आचाऱ्याने कोणी न सांगता माळकऱ्यांचे जेवण करावे अशी अपेक्षा धरणेच अयोग्य आहे. सांगण्याचे काम आपले होते आणि त्याचे पैसे आपण घेतले होते. त्या मुलीने, जी स्वतः सामार बेटावरून कामासाठी आलेली होती, नवे पातेले घासून त्यात साधा भात लावून दिला आणि चार केळी आणली. सासूबाई त्या रात्री त्यावर राहिल्या. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी एकादशी नसताना त्यांनी दुपारपर्यंत उपवास केला.

त्याच जेवणाच्या बिलात मूळ रकमेच्या ४,००० पेसोंवर १२ टक्के व्हॅटचे ४८० आणि १० टक्के सेवा आकाराचे ४०० असे ८८० पेसो आमच्याकडून वेगळे घेतले गेले. तिथल्या कायद्याप्रमाणे सेवा आकार कर्मचाऱ्यांमध्ये वाटला जातो, त्यामुळे तो देताना मला वाईट वाटले नाही. परंतु ‘सर्व करांसह’ असे छापून पैसे आपण आधीच घेतले असताना तो बोजा आमच्यावर का पडला, याचा खुलासा व्हावा.

सकाळी मी सहल व्यवस्थापकांकडे हॉटेल बदलून मागितले. ‘सगळ्याच कंपन्या इथे उतरवतात, मॅडम, रात्री खाली उतरू नका म्हणजे झाले,’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर आम्ही दुपारी आमच्या खर्चाने फाटकाच्या आतल्या एका हॉटेलात दोन खोल्या घेतल्या. त्या संध्याकाळी सासूबाई कवायतीच्या मैदानाभोवती नातीबरोबर दोन फेऱ्या मारून आल्या आणि रात्री नऊला झोपल्या. पत्रकात ज्याचे वर्णन होते ते ठिकाण हे होते, आणि ते पहिल्या ठिकाणापासून टॅक्सीने दहा मिनिटांवर होते.

न्यायाने हेही नमूद केले पाहिजे की सहलीचा इतर भाग चांगला झाला. बाकोलोरचे सान गिलेर्मो चर्च, जे १९९५ च्या लाहारमध्ये निम्मे गाडले गेले आणि ज्यात आज पूर्वीच्या खिडक्यांच्या उंचीवरून आत शिरावे लागते, ते आपल्या स्थानिक वाटाड्यांनी फार समजून दाखवले. मनिलामध्ये आपण आम्हाला मलाते भागात ठेवले होते. तिथेही रेमेदियोस चौकाच्या आसपास बार आहेत, पण कार्यक्रमपत्रिकेत ‘परिसरात रात्री वर्दळ असते, मागील बाजूच्या वरच्या मजल्यावरील खोल्या दिल्या आहेत’ असे स्पष्ट लिहिले होते. आम्ही ते वाचून होकार दिला आणि आमची तिथे कोणतीही तक्रार नाही. म्हणजे खरे लिहिणे आपल्या कार्यालयाला जमते.

आणि म्हणूनच पुढची गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. परत आल्यावर माझ्या जावयांनी आपल्याच संकेतस्थळावर ‘मित्रमंडळ विशेष’ या नावाची दुसरी सहल पाहिली. तिच्यात हेच हॉटेल आहे, पोहण्याच्या तलावाचे छायाचित्रही तेच, आणि वर्णन असे आहे : ‘फील्ड्स ॲव्हेन्यूपासून पायी दोन मिनिटे, रात्रभर चालणाऱ्या नाइटलाइफच्या मध्यभागी.’ तिथे पत्ता बालीबागो आहे. कौटुंबिक सहलीत क्लार्क आहे. दोन्ही पानांची छायाचित्रे तारखेसह जोडली आहेत. याचा अर्थ हॉटेल कुठे आहे हे आपल्याला पुरते माहीत होते, ज्यांना ते सांगून विक्री होते त्यांना सांगितले, आणि ज्यांनी ते कळताच नकार दिला असता त्यांच्यापासून ते लपवले. ज्यांना त्या वस्तीत जायचे आहे त्यांनी जावे, त्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. मात्र माझ्या ७९ वर्षांच्या सासूबाई आणि ११ वर्षांची नात रात्री कोणत्या गल्लीत झोपणार, हे पैसे भरण्यापूर्वी जाणून घेण्याचा मला पूर्ण अधिकार होता. भूगोलात जागेचे नाव चुकवणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मी कापत असे. आपण चुकून नव्हे, जाणून चुकवले आहे.

सबब माझी मागणी अशी आहे की, पर्यायी हॉटेलच्या दोन खोल्यांचे दोन रात्रींचे २०,८०० पेसो, शाकाहारी जेवणासाठी आम्ही बाहेर केलेला ५,१५० पेसोंचा खर्च आणि वर उल्लेखिलेले ८८० पेसो, असे एकूण २६,८३० पेसो, म्हणजे बँकेच्या विवरणपत्रानुसार ४१,०५० रुपये, मला रोखीने किंवा खात्यात परत मिळावेत. न वापरलेल्या दोन रात्रींचे आपण हॉटेलकडून परत घेतलेले पैसे असतील तर त्यांचा हिशेब मिळावा. आणि सासूबाईंच्या नावे लेखी दिलगिरीचे पत्र यावे. कौटुंबिक सहलीच्या पानावर हॉटेलचा खरा पत्ता, रस्त्याच्या नावासह, तत्काळ छापला जावा ही मागणी मी स्वतःसाठी करत नाही. मार्चमध्ये निघणाऱ्या आपल्या पुढच्या तुकडीत आमच्याच गल्लीतले एक कुटुंब जात आहे आणि त्यांच्याबरोबर दोन लहान मुली आहेत. त्यांना मी सर्व सांगितले आहे, परंतु त्याच बसमधल्या इतरांना सांगणारे कोणी नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार फसव्या जाहिरातीची व सेवेतील त्रुटीची तक्रार मी सातारा येथील जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करेन; ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तशी दाद मागता येते. पत्रक, आरक्षणाचा अर्ज, नोंदणी कार्ड, स्वयंपाकघरातील कागद, बिले आणि संकेतस्थळाची दोन्ही पाने यांच्या मूळ प्रती माझ्याकडे सुरक्षित आहेत. सहल व्यवस्थापकांच्या नोकरीवर या तक्रारीमुळे गदा येऊ नये, कारण हॉटेल त्यांनी निवडलेले नव्हते. उत्तर ज्यांनी निवडले आणि ज्यांनी पत्रक लिहिले त्यांच्याकडून अपेक्षित आहे.

आपली,
(सही)
निवृत्त भूगोल शिक्षिका, सातारा