जवळची गाडी कुठली, हे ठरवणारा कोड खुला करा

माननीय गृहमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाड्यातल्या आजी लाकडी जिन्यावरून पडल्या. रुग्णवाहिकेसाठी मी फोन लावला. पलीकडच्या ताईंनी शांतपणे पत्ता विचारला. मी म्हटलं, ‘पंढरीनाथाच्या मागे, हरसिद्धीकडे जाताना.’ जुन्या इंदुरात पत्ता असाच सांगतात. पण तेवढ्यावरून नकाशात जागा लागेना. शेवटी मोबाईलचा टॉर्च पेटवून मी कोपऱ्यावर उभा राहिलो, तेव्हा ड्रायव्हरला गल्ली सापडली. चूक त्या ताईंची नव्हती आणि ड्रायव्हरचीही नव्हती. आजी आता बऱ्या आहेत.

तेव्हापासून मी या यंत्रणांबद्दल मिळेल ते वाचतो आहे. फोन घेणारा माणूस प्रसंग नोंदवतो. सांगितलेला पत्ता नकाशात शोधणं, सर्वांत जवळची गाडी सुचवणं ही कामं सॉफ्टवेअर करतं. पण जवळची म्हणजे सरळ रेषेत की रस्त्याने? आमच्याकडे मध्ये नदी आहे. पलीकडच्या काठावरची गाडी पडद्यावर हाकेच्या अंतरावर दिसते आणि प्रत्यक्षात पुलाला वळसा घालून येते. हा हिशेब कसा मांडला आहे, हे ज्यांच्या जिवाचा प्रश्न आहे त्यांना बघता यायला हवं.

एप्रिल 2014 मध्ये अमेरिकेत 911 या आपत्कालीन क्रमांकाला केलेले 6,600 हून अधिक फोन कुणापर्यंत पोचलेच नाहीत. सात राज्यांतल्या 1 कोटी 10 लाख लोकांना त्याची झळ बसली. कारण काय, तर प्रत्येक कॉलला क्रमांक देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वरची मर्यादा 4 कोटींची घातलेली होती. आकडा तिथे पोचला आणि पुढचे कॉल अडले. एवढीशी गोष्ट! कोड बाहेरच्या चार जाणकारांनी वाचला असता, तर ती वेळेत दिसण्याची शक्यता नक्कीच वाढली असती.

कोड खुला केला की गुन्हेगारांचं फावेल, असं आपले अधिकारी म्हणतील. पण कॉल करणाऱ्यांची नावं, रेकॉर्डिंग, पासवर्ड यातलं काहीच खुलं करा असं मी म्हणत नाही. ते बंदच राहिलं पाहिजे.

केंद्राचं ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरचं, धोरण 2015 पासून आहे आणि राज्यांनाही ते स्वीकारता येतं. माझी विनंती एकच: 112 या आपत्कालीन क्रमांकासाठी पुढचं जे टेंडर निघेल, त्यात सोर्स कोड शासनाच्या मालकीचा असेल आणि खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध होईल, अशी अट घाला. ठेकेदार बदलला तरी यंत्रणा आपल्या हातात राहील. इंदूरजवळ आयआयटी आहे, शहरात एसजीएसआयटीएस हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली मुलं तो कोड वाचतील, चुका दाखवतील.

आणि पंढरीनाथामागच्या गल्ल्या, वाडे, बोळ आम्ही पायी फिरून ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर भरून देऊ. हरसिद्धीच्या बाजूने सुरुवात केली आहे.

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवतो आहे.

आपला विश्वासू,
पंढरीनाथ भागातला एक रहिवासी, इंदूर