मॅडम, पाकिटावर तुम्ही आईचं नाव लिहिलंत

मॅडमना सप्रेम नमस्कार,

तुमच्या प्रयोगशाळेतून परतून पंधरा दिवस झाले, तरी आई येईल त्याला त्या पाकिटाचीच गोष्ट सांगते.

गोदाकाठच्या आमच्या रानात खुरपताना तिला गारगोटीची पाती सापडली. नखाएवढी, पण धार अशी की अंगठ्यातून रक्त काढलं. पैठणजवळच्या मुंगी गावाला एकोणिसाव्या शतकात असंच अकिकाचं दगडी हत्यार मिळालं होतं, एवढंच मी वाचलेलं. त्या भरवशावर आधी एका मोठ्या ठिकाणी गेलो. तिथल्या साहेबांनी दोन पाती नळाखाली धरून ब्रशनं खसाखसा घासली आणि "असली ढिगानं पडलीत" म्हणून हातावर ठेवली. धारेला हजारो वर्षं काही चिकटून राहिलं असेल, तर ते त्या दिवशी मोरीत गेलं. आठवलं की अजून पोटात तुटतं.

तुमचा पहिला प्रश्न होता, "उरलेली धुतली नाहीत ना?" पावडरचे हातमोजे तुम्ही वापरत नाही, कारण त्या पावडरीत मक्याचा स्टार्च असतो, आणि तुम्ही धारेवर शोधता तो जुन्या धान्याचा स्टार्चच; पावडरीतला दगडावर बसला की घोळ. आईची भाकरीही बाहेर ठेवायला लावलीत. मग दुसऱ्या खोलीत ज्वारीचंच पीठ सूक्ष्मदर्शकाखाली धरलंत. खास गाळणीतून आलेल्या ध्रुवीकृत प्रकाशात स्टार्चच्या कणाकणावर काळी फुली. "आवं, हे तर रांगोळीतलं चार पाकळ्यांचं फूल हाय!" आई हलेचना, आणि तुम्हीही घाई केली नाहीत.

परवा फोनवर म्हणालात, एका पात्याच्या धारेजवळ असे कण मिळाले, पण भोवतालच्या मातीत तेच आहेत का हे पाहिल्याशिवाय काही बोलणार नाही. शेतकऱ्याला काय कळतंय असं न धरता खरं ते सांगणारी माणसं फार थोडी भेटली, मॅडम.

पण सगळ्यात मोठं ते पाती ठेवायचं पाकीट. 'कोणाला सापडलं' या ओळीत मी माझं नाव सांगणार होतो. तुम्ही पेन थांबवलंत आणि तिच्याकडे वळलात, "आई, तुमचं पूर्ण नाव सांगा." सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. तुम्ही लिहिलंत, वाचून दाखवलंत, राहिलेला एक काना दिलात. तिनं पदर डोळ्याला लावला.

त्याच जागेची माती आईनं नव्या पिशवीत भरून ठेवलीय, खुरपं आधी धुऊन. सोमवारच्या एसटीनं येतो. भाकरी बाहेरच ठेवू.

तुमचा,
पैठण तालुक्यातला एक शेतकरी