स्पिंडल तुमचा, बॉडी तुमची, मग वॉरंटी कुणाची?

दांडिया बाजार, बडोदा
१९ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
पुणे कार्यालय

विषय: रोड पॉवर मीटर पेडलना एमटीबी (माउंटन बाइक) क्लीट चालावी म्हणून विकलेला रूपांतर संच सदोष असणे, जाहिरातीत चुकीची माहिती देणे आणि वॉरंटी नाकारणे याबाबत.

स. न. वि. वि.

तुमच्या ग्राहक सेवेशी ई-मेलवर जेवढं बोलता येतं तेवढं बोलून झालं. दर वेळी ‘आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं उत्तर येतं आणि त्यापाठोपाठ तिकीट बंद झाल्याचा निरोप. म्हणून आता कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. बिलाची प्रत, फोटो, तुमच्या संकेतस्थळावरच्या त्या पानाचे स्क्रीनशॉट आणि तुमच्याकडून आलेली उत्तरं सोबत जोडली आहेत.

पॉवर मीटरची, म्हणजे पायाचा जोर वॅटमध्ये मोजणारी पेडल मी तुमच्याकडूनच घेतली होती. तीन बोल्टची त्रिकोणी रोड क्लीट (बुटाच्या तळाला लावून पेडलमध्ये अडकवायचा तुकडा) लागणारी. त्यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नव्हती आणि आजही नाही. पण बडोद्याच्या आसपास डांबर सोडून सायकल चालवायची तर माणूस सिंधरोटकडे वळतो, मही नदीच्या कोतरांत, म्हणजे घळींत, उतरतो. तिथे मध्येच उतरून सायकल खांद्यावर घ्यावी लागते, भुसभुशीत मातीतून चालावं लागतं. रोड क्लीटचं प्लास्टिक बुटाच्या तळाबाहेर असतं. त्यावर चालणं म्हणजे चालणं नव्हे, आणि माती भरली की ती पेडलमध्ये बसतही नाही. दोन बोल्टची छोटी धातूची क्लीट तळव्याच्या खाचेत आत राहते, ही सोय शिमानोने १९९० मध्ये एसपीडीच्या नावाने आणली आणि तेव्हापासून मातीतले लोक तीच वापरतात. तेव्हा मीटर ज्यात असतो तो स्पिंडल, म्हणजे पेडलचा मधला दांडा, तोच ठेवून फक्त वरची बॉडी, म्हणजे क्लीट अडकते तो भाग, बदलायची, हा विचार काही जगावेगळा नाही. गार्मिनने २०२१ मध्ये रॅली पेडल आणली तेव्हा त्याच स्पिंडलवर रोडची किंवा एसपीडीची बॉडी चढवण्याचे संच कंपनीने स्वतःच विकायला काढले. म्हणजे हे होतं, नीट केलं तर.

तुमच्या रूपांतर संचाच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: दहा मिनिटांत बसतो, वेगळी हत्यारं लागत नाहीत, अचूकतेवर परिणाम नाही, मीटरची वॉरंटी अबाधित. दिवाळीच्या सवलतीत मी तो संच मागवला.

खोका उघडल्यावर पहिलीच गोष्ट कळली ती ही की हत्यार लागतं. बॉडीच्या आत, खोल नळीत बसलेला नट सोडवायला पातळ भिंतीचा सॉकेट हवा. नेहमीचा सॉकेट त्या भोकात जातच नाही. कुठल्या बाजूच्या नटाचे आटे उलटे आहेत, तेही पत्रकात नाही. आता मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे जुना सॉकेट लेथवर धरून बाहेरून कातून घेतला आणि काम भागवलं. पण तुमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांनी काय करायचं? रावपुऱ्यातल्या सायकलवाल्याकडे हा नट घेऊन गेलं तर तो हातोडा काढेल, आणि त्याचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

इथपर्यंत मी मुकाट्याने सोसलं असतं. खरी तक्रार पुढे आहे.

दोन्ही बॉडी बसवून, सांगितलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) नट आवळून सायकल बाहेर काढली, तर डाव्या पायाखाली बारीक टकटक. म्हणून पेडल उतरवलं, स्पिंडल फिक्स्चरमध्ये धरला, मॅग्नेटिक स्टँडला बारीक हालचाल मोजणारा डायल लावला आणि बॉडी स्पिंडलच्या दिशेने आत-बाहेर ढकलून पाहिली. उजवी बॉडी ०.०५ मिलिमीटरच्या आत हलते, तिच्याबद्दल म्हणणं नाही. डावी ०.६ मिलिमीटर सरकते. नट पूर्ण आवळलेला असतानाही. बॉडी उघडून पाहिली तेव्हा कारण दिसलं: बेअरिंगची जागा आत जास्त खोल कातली गेली आहे, त्यामुळे बेअरिंगची बाहेरची रिंग खांद्यावर टेकतच नाही. फोटोत रिंग आणि खांदा यांच्यामधली फट स्पष्ट दिसते, मी त्यात फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून दाखवला आहे. हा बसवणाऱ्याच्या हाताचा दोष नव्हे. हे मशीनवरच चुकलं आहे आणि तपासणीत कुणी पाहिलेलं नाही. आमच्याकडे असा जॉब गेट ओलांडून गेला असता तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन आला असता आणि आम्ही तो उचलला असता.

आता ‘अचूकतेवर परिणाम नाही’ या वाक्याकडे येतो. क्रँकच्या (पेडल जिला लागतं त्या दांडीच्या) तोंडापासून क्लीटच्या मध्यापर्यंतचं अंतर जुन्या रोड बॉडीवर ५४ मिलिमीटर होतं, नव्यावर ते ५६ आहे. दोन मिलिमीटरने काय होतं, असं तुमच्या प्रतिनिधीने विचारलं होतं. सांगतो. स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणाऱ्या पट्ट्या, स्पिंडलमध्ये असतात आणि पायाच्या दाबाने स्पिंडल किती वाकतो त्यावरून मीटर हिशेब करतो. वाकवणारा जोर म्हणजे दाब गुणिले गेजपासूनचं अंतर. समजा हे अंतर ४० मिलिमीटर असेल, तर भार २ मिलिमीटर बाहेर सरकल्यावर तोच पाय, तोच दाब, पण वाकणं ५ टक्क्यांनी जास्त. या सरकण्याची भरपाई मीटरच्या हिशेबात धरलेली नसेल, तर तो ५ टक्के जास्त पॉवर दाखवणारच. त्यात डावी बॉडी आणखी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने इकडे-तिकडे.

हे कागदावरचं गणित झालं, म्हणून ते तपासूनही घेतलं. क्रँक आडवा लेव्हलमध्ये ठेवला, टूलरूममधलं २० किलोचं प्रमाणित वजन पट्ट्याने क्लीटच्या मध्याला टांगलं आणि ॲपमधल्या स्थिर वजनाच्या चाचणीत टॉर्क वाचला. १७२.५ मिलिमीटरच्या क्रँकवर २० किलोचा टॉर्क ३३.८ न्यूटन-मीटर यायला हवा. जुन्या रोड बॉडीवर दोन्ही बाजूंना ३३.७ आला. मीटर चोख आहे. तोच मीटर, तेच वजन, झीरो ऑफसेट (मीटरचं शून्य जुळवणं) नव्याने करून, तुमच्या नव्या बॉडीवर उजवीकडे ३५.४ आणि डावीकडे ३६.०. म्हणजे साधारण ५ आणि साडेसहा टक्के जास्त.

९० आरपीएमला (मिनिटाला ९० फेऱ्यांना) खऱ्या २०० वॅटसाठी मला २१.२ न्यूटन-मीटर टॉर्क लावावा लागतो. तुमचा संच लावल्यापासून स्क्रीनवर २०० दिसत असताना प्रत्यक्षात मी १९० सुद्धा देत नसतो. ‘हौशी चालवणाऱ्याला दहा-बारा वॅटने फरक पडत नाही’, हे तुमच्याच ई-मेलमधलं वाक्य. फरक पडत नसता तर मी हजार-दीड हजाराची साधी पेडल लावून पावागडला गेलो असतो. मीटरच्या खोक्यावर तुम्ही अचूकता अधिक-उणे १ टक्का छापता आणि पैसे त्या १ टक्क्याचेच घेता.

तुमच्या ॲपमध्ये मीटरच्या आकड्याला गुणायचा गुणक बदलायची सोय आहे. या संचासाठी कोणता गुणक टाकायचा, एवढं एक वाक्य पत्रकात असतं तर निम्मं भांडण मिटलं असतं. मी तो आकडा मागितला. ‘तांत्रिक माहिती ग्राहकांना देता येत नाही’ असं उत्तर आलं. आणि ज्या बाजूची बॉडी आत-बाहेर सरकते तिला कुठला गुणक चालणार, हा प्रश्न उरतोच.

आणखी एक, फोटो क्रमांक ४ पाहा. स्पिंडलच्या क्रँककडच्या टोकाला सेन्सरची डबी आहे. रोड बुटाचा तळ अरुंद आणि गुळगुळीत असतो, तो तिला लागत नाही. एमटीबी बुटाला कडेने रबराचे दात असतात, आणि टाच जरा आत वळली की ते डबीवर घासतात. डबीवर काळा रबरी पट्टा उमटला आहे आणि चार्जिंगच्या टोकांवरचा मुलामा उडायला लागला आहे. संच विकायला काढण्याआधी कुणीतरी एकदा खरे एमटीबी बूट घालून पेडल मारायला हवं होतं, एवढीच अपेक्षा.

शेवटी वॉरंटी. हे सगळं मांडल्यावर तुमच्या सेवा विभागाने कळवलं की ‘मूळ बॉडी ग्राहकाने उघडल्यामुळे मीटरची वॉरंटी संपुष्टात आली आहे, आणि संच बसवलेला असल्यामुळे परत घेता येणार नाही.’ मूळ बॉडी उघडल्याशिवाय तुमचा संच बसणार कसा? आणि बसवल्याशिवाय तो सदोष आहे हे कळणार कसं? आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशातली ही गत. तुमच्याच पानावर ‘वॉरंटी अबाधित’ हे शब्द होते. माझ्या तक्रारीनंतर ते गुपचूप काढले गेले, पण तारखेसह घेतलेला स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे.

सायकल मी सध्या जुन्या रोड बॉडीवर चालवतो आणि कोतरं बंद आहेत. वॅटचा हिशेब क्षणभर बाजूला ठेवा. उतारावर उभं राहून चालवताना सैल बॉडी स्पिंडलवरून निघाली तर पडणारा माणूस तुमच्या पुण्याच्या कार्यालयात नसेल.

माझं मागणं मोजकं आहे. संचाची पूर्ण किंमत परत करावी आणि माल तुमच्या खर्चाने घेऊन जावा. माझ्या मीटरची मूळ वॉरंटी चालू असल्याचं लेखी द्यावं, आणि डबीवरच्या घासण्याची जबाबदारी त्यात स्पष्ट घ्यावी. याच लॉटमधल्या डाव्या बॉडी इतर कुणाकुणाला गेल्या आहेत त्यांना कळवावं, कारण त्यांच्याकडे डायल नसेल. दुसरा संच बदलून देण्याचा प्रस्ताव मला नको. दोन मिलिमीटरचा प्रश्न त्यातही तसाच राहणार.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं, हे तुम्हाला माहीत असेलच. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही तर मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि मग बडोद्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. म्हणजे मला दांडिया बाजारातून फार लांब जावं लागणार नाही, तुमच्या माणसाला मात्र पुण्याहून यावं लागेल. ती वेळ येऊ नये असं मलाही वाटतं, पण तारखांना हजर राहायची माझी तयारी आहे.

सदोष डावी बॉडी, सुटं केलेलं बेअरिंग आणि नट हे सगळं मी पिशवीत सील करून ठेवलं आहे. तुमच्या इंजिनिअरला ते प्रत्यक्ष पाहायचं असेल तर त्यांनी यावं. डायल, वजनं आणि लेव्हल माझ्याकडे तयार आहेत. कुरिअरने आधी तुमच्याकडे पाठवा, मग बघू, हे मात्र होणार नाही.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)
ऑर्डर क्रमांक व संपर्क सोबतच्या बिलावर