पेपर येतो, बसायला येत नाही

मा. संपादक,

दहावीच्या निकालाची टक्केवारी घसरली की आपल्या पानांवर कॉपी, सीसीटीव्ही आणि शिक्षकांच्या रिक्त जागांची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण ज्या मुलांना शाळेत सरसकट ‘वांड’ म्हटलं जातं, त्यांना परीक्षा कशी वाटते हे कुणी विचारत नाही. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवताना मीही बरीच वर्षं विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका मुलाचा पेपर अर्धा कोरा आला. वर्गात तोंडी विचारलं की धडाधड उत्तरं देणारा पोरगा. कान पकडायच्या आधी विचारलं, तर म्हणाला, “सर, पेपर येतंय की. बसायलाच येत नाही.” प्रथम भाषेचा पेपर सव्वातीन तासांचा. त्यातली पहिली १५ मिनिटं नुसती वाचायला. इतरांना ती सवलत वाटते, याला शिक्षा. पेन हातात, पण लिहायचं नाही! एक मुलगी म्हणाली, पर्यवेक्षक पाठीमागे थांबले की त्यांच्या चपलांचाच आवाज ऐकू येतो, प्रश्न दिसत नाही. तिच्या रागाचे किस्से शाळाभर ऐकू येतात. ही भीती मात्र कुणाला माहीत नव्हती.

दिव्यांग मुलांना परीक्षेत सवलती आहेत, पण त्या प्रमाणपत्राच्या कागदांवर चालतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, अतिचंचलतेचं (एडीएचडी, म्हणजे एका जागी बसता न येणं, लक्ष न टिकणं) स्वतंत्र नाव नाही. तपासणीसाठी आम्ही पालकांना धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत जायला सांगतो. मजुरी बुडवून तिथवर जायचं, कन्नडमधले फॉर्म दुसऱ्याकडून भरून घ्यायचे आणि गावात ‘पोरगं वेडं आहे’ हे ऐकायचं. बरेच जण नको म्हणतात. त्यांना दोष कसा देऊ?

२०२४ मध्ये कर्नाटकातल्या पाचवी, आठवी, नववीच्या बोर्ड परीक्षांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तेव्हाही स्टाफरूममध्ये चर्चा वेळापत्रकाचीच.

बोर्डाच्या परीक्षेत आमचं काही चालत नाही. घटक चाचणी तर आमच्याच हातात असते. त्या मुलाला मी दाराजवळ बसवलं, पेपर दोन भागांत दिला, मध्ये दोनदा पाणी पिऊन येऊ दिलं. शेवटचा प्रश्नही त्याने लिहिला. सहकारी म्हणाले, लाडावून ठेवताय. पूर्वपरीक्षेलाही तसंच करावं म्हणून अर्ज दिला आहे. मुख्याध्यापकांची सही अजून व्हायची आहे.

– एक शिक्षक, खानापूर तालुका, जि. बेळगाव